चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर: भरतीच्या पोरांनी आणि घरच्यांनी पैसे भरायच्या आधी वाचावं असं

भरतीची जाहिरात निघाली की आपल्या भागात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. एक म्हणजे मैदानाची तारीख. दुसरी म्हणजे, "चष्मा लेझरने काढला तर चालतंय का?" पहिलीचं उत्तर मोबाईलवर मिळतं. दुसरीचं उत्तर मात्र पारावर बसलेला जो तो आपल्या परीनं देतो. कुणी म्हणतं दहा मिनिटांचं काम आहे, सकाळी जायचं आणि संध्याकाळी दूध घालायला डेअरीवर हजर. कुणी म्हणतं डोळा बाहेर काढून परत बसवतात. डोळा बाहेर वगैरे कुणी काढत नाही, ते डोक्यातून काढून टाका. दहा मिनिटांचं म्हणाल तर लेझरचा मारा मिनिटाच्या आत संपतो हे खरं, पण त्याच्या आधीच्या तपासण्यांना अर्धा दिवस लागतो आणि सगळं शहाणपण त्या अर्ध्या दिवसातच आहे.

लेझर म्हणजे नेमकं कुठलं लेझर?

आपल्याकडे डोळ्याच्या कुठल्याही उपचाराला सरसकट लेझर म्हणतात. त्यातून घोटाळा होतो. आईचा मोतीबिंदू 'लेझरने' केला असं आपण सांगतो, तो बहुतेक वेळा फेको पद्धतीने केलेला असतो. त्यात कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात आणि आत कृत्रिम भिंग बसवतात. मोतीबिंदूनंतर वर्ष-दोन वर्षांनी भिंगामागे जाळी धरली तर ती साफ करायला याग नावाचं लेझर मारतात. शुगरवाल्यांच्या डोळ्यात मागच्या पडद्यावर रक्त झिरपत असेल तर तिथं वेगळं लेझर लागतं. काचबिंदूच्या काही पेशंटला बुबुळात बारीक भोक पाडायला लेझर वापरतात. या सगळ्यांचा चष्म्याच्या नंबरशी संबंध नाही. त्यामुळं "आईचं लेझर शिबिरात फुकट झालं, मग माझ्याला पैसे कसे?" असं दवाखान्यात भांडून उपयोग नसतो. मोतीबिंदू केला नाही तर माणूस आंधळा होतो, म्हणून सरकार तो फुकट करतं. नंबरवाल्याला चष्मा लावला की दिसतं.

नंबर म्हणजे काय

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखं एक पारदर्शक आवरण असतं. त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. डॉक्टर ती मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मिलिमीटर म्हणजे १,००० मायक्रॉन, आणि आपल्यासारख्या माणसाचा कॉर्निया ५२० ते ५४० मायक्रॉनच्या आसपास भरतो. बाहेरून येणारा उजेड वाकवून मागच्या पडद्यावर गोळा करायचं दोन तृतीयांश काम हा कॉर्निया करतो. उरलेलं काम आतलं भिंग करतं.

डोळ्याचा गोळा लांबट असला की उजेड पडद्याच्या अलीकडेच गोळा होतो. लांबचं धूसर दिसतं. हा मायनस नंबर. गोळा आखूड असला की प्लस नंबर येतो. कॉर्नियाचा आकार सगळीकडून सारखा गोल नसून उभ्या-आडव्यात फरक असला, म्हणजे चेंडूसारखा नसून अंड्यासारखा असला, की सिलिंडर नंबर लागतो.

मायनस नंबरचा घरगुती अर्थ सोपा आहे. १ ला नंबराने भागा. जे येईल तेवढ्या मीटरपर्यंत तुम्हाला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं. उणे २ असेल तर अर्धा मीटर, म्हणजे हातभर. उणे ४ असेल तर २५ सेंटीमीटर, वीतभराहून थोडं जास्त. त्यापुढचं सगळं धुक्यात.

लेझर ऑपरेशनमध्ये या कॉर्नियाचा आकार बदलतात. मायनस नंबरात मधला भाग घासून थोडा सपाट करतात. प्लस नंबरात मध्याभोवतीच्या कडेचा भाग कमी करतात म्हणजे मध्यभाग उठून येतो. डोळ्याच्या गोळ्याची लांबी आहे तीच राहते, मागचा पडदाही तसाच राहतो. ही गोष्ट पुढं कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

शोध कसा लागला

कॉर्नियाचा आकार बदलून नंबर घालवता येईल, हा विचार लेझरच्या आधीचा आहे. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात होसे बाराकेर नावाचे डॉक्टर कॉर्नियाची चकती कापून, ती गोठवून, लेथवर घासून परत बसवायचे. पुढं १९७० च्या दशकात मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी कॉर्नियावर सायकलच्या आऱ्यांसारख्या चिरा देऊन नंबर घालवायची पद्धत चालवली. चिरांनी कॉर्निया कमकुवत व्हायचा आणि काही जणांची नजर सकाळी एक, संध्याकाळी एक व्हायची.

खरा पालट झाला १९८१ साली अमेरिकेत, आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत. यात आपल्याकडचा एक माणूस होता. रंगस्वामी श्रीनिवासन, मद्रास विद्यापीठातून शिकून गेलेले रसायनशास्त्रज्ञ. ते आणि जेम्स विन, सॅम्युअल ब्लम हे दोघं सोबती एक्सायमर नावाच्या लेझरवर काम करत होते. तिकडच्या थँक्सगिव्हिंग सणाला टर्की पक्षी रांधतात. श्रीनिवासन यांनी सणाचं उरलेलं टर्कीचं मांस प्रयोगशाळेत आणलं आणि त्यावर हे लेझर मारून बघितलं. साध्या लेझरनं कडा करपल्या. एक्सायमरनं मात्र सुरी फिरवल्यासारखी स्वच्छ खाच पडली आणि शेजारचा भाग जसाच्या तसा राहिला. हे लेझर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचं, अतिनील किरणांचं. ते जाळत नाही, रेणूंचे बंधच तोडतं, म्हणून शेजारी उष्णता पोचत नाही. पुढं १९८३ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. स्टीफन ट्रोकेल त्यांना येऊन मिळाले आणि हे काम डोळ्यापर्यंत पोचलं. लॅसिक ही पद्धत ग्रीसमधले डॉ. योआनिस पालिकारिस यांनी १९९० च्या सुमारास सुरू केली. आयबीएमच्या या तिघांना अमेरिकेचं तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक मिळालं. सणाच्या उरल्यासुरल्या मांसातून एवढं मोठं काम निघालं, हे मला तरी फार भारी वाटतं.

तीन पद्धती, आणि त्यातला फरक

पहिली पीआरके. कॉर्नियावरची अगदी वरची साल काढून टाकतात आणि खाली लेझर मारतात. साल तीन-चार दिवसांत परत येते, तोवर डोळ्यावर औषधी लेन्स ठेवतात. हे तीन-चार दिवस दुखतं, चांगलंच दुखतं, आणि नजर पूर्ण बसायला काही आठवडे जातात. पण कॉर्नियात खोल काप नसतो.

दुसरी लॅसिक. यात कॉर्नियाची १०० ते १२० मायक्रॉन जाडीची पातळ खाप कापतात, एका बाजूनं बिजागरीसारखी जोडलेली ठेवतात, पुस्तकाचं पान उलटावं तशी उलटतात, आत लेझर मारतात आणि खाप परत जागेवर ठेवतात. टाका नसतो. पूर्वी ही खाप पात्यानं कापत, आता बऱ्याच ठिकाणी तीसुद्धा दुसऱ्या लेझरने कापतात. दवाखानेवाले 'ब्लेडलेस' किंवा 'फेमटो' म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना चांगलं दिसायला लागतं, दुखणं कमी.

तिसरी स्माईल. यात खाप उचलत नाहीत. लेझरने कॉर्नियाच्या आतच भिंगाच्या आकाराची बारीक चकती कापतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून ती ओढून काढतात. चीर लहान असल्यानं डोळा कोरडा पडायचा त्रास सुरुवातीला कमी होतो असा डॉक्टरांचा अनुभव आहे. प्लस नंबरवाल्यांसाठी मात्र लॅसिकच जास्त वापरलं जातं.

या सगळ्यात भूल म्हणजे डोळ्यात टाकायचे थेंब. इंजेक्शन नाही. पापण्या मिटू नयेत म्हणून बारीक चिमटा लावतात. खाप कापताना डोळ्यावर दाब येतो आणि काही सेकंद अंधारल्यासारखं होतं, तेव्हा घाबरून डोकं हलवायचं नाही. समोर दिव्याचा ठिपका असतो, त्याच्याकडं बघत राहायचं. लेझर चालू असताना केस जळाल्यासारखा वास येतो. डोळा भाजलेला नसतो, उडालेल्या कणांचा तो वास असतो.

मायक्रॉनचा हिशेब

हा भाग नीट वाचा, कारण दवाखान्यात हा कागद समोर ठेवतात आणि आपण मान डोलावून मोकळे होतो. एक नंबर घालवायला कॉर्नियाचा साधारण १२ ते १५ मायक्रॉन भाग उडवावा लागतो. आपण १४ धरू. समजा एका पोराचा कॉर्निया ५४० मायक्रॉन आहे आणि नंबर उणे ४. लॅसिकची खाप ११० ची. लेझरने जाणारे ४ गुणिले १४, म्हणजे ५६. वजा केल्यावर खाली ३७४ उरले. भरपूर.

आता दुसरा पोरगा. कॉर्निया ४९०, नंबर उणे ९. खाप ११०, लेझर १२६. उरले २५४. खापेखाली किमान २५० तरी उरलेच पाहिजेत हा जगभरचा जुना दंडक आहे आणि सावध डॉक्टर ३०० च्या खाली उतरत नाहीत. म्हणजे कागदावर हा पोरगा बसतो, पण जपणारा डॉक्टर त्याला नाही म्हणेल. नाही म्हणणारा डॉक्टर गिऱ्हाईक सोडतोय, तेव्हा त्याच्यावर रागवू नका.

फार पातळ केलेला कॉर्निया डोळ्याच्या आतल्या दाबानं हळूहळू पुढं फुगत जातो, ट्यूबचा पातळ भाग फुगावा तसा. मग नंबर परत येतो, वेडावाकडा येतो, चष्म्यानंही नीट दिसत नाही. याला एक्टेशिया म्हणतात. प्रमाण कमी आहे, पण झालं तर आयुष्यभराचं.

काही जणांचा कॉर्निया मुळातच असा शंकूसारखा होत चाललेला असतो. त्याला केराटोकोनस म्हणतात. तरुण वयात होतो, डोळ्याला ॲलर्जी असलेल्या आणि सारखे डोळे चोळणाऱ्या पोरांत जास्त दिसतो. सिलिंडर नंबर दर सहा महिन्यांनी बदलतोय, चष्मा नवा करूनही मजा येत नाही, असं असेल तर शंका घ्यावी. अशा डोळ्यावर लेझर म्हणजे पडक्या भिंतीची माती काढण्यासारखं. म्हणून कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढायची टोपोग्राफी तपासणी झाल्याशिवाय कुणीही ऑपरेशनला बसू नये.

कुणी थांबावं

वय १८ च्या आत असेल तर विषयच नाही. त्यापुढंही गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्यापेक्षा जास्त बदललेला नसावा. सतराव्या वर्षी घाईनं केलं आणि नंबर वाढतच राहिला तर पैसे गेले. त्यासाठी चष्म्याचे जुने कागद जपून ठेवा, डॉक्टर तेच मागतात. गरोदर बाई, अंगावर दूध पाजणारी आई यांनी थांबायचं, कारण त्या काळात नंबर आणि कॉर्निया दोन्ही हलतात. शुगर ताब्यात नसलेले, संधिवातासारखे शरीर स्वतःवरच उलटणारे आजार असलेले, डोळे फार कोरडे पडणारे, डोळ्याला नागीण होऊन गेलेले, यांनी आधी सगळं उघड सांगायचं. लेन्स वापरत असाल तर तपासणीच्या आधी मऊ लेन्स एक-दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे काढून ठेवायची, नाहीतर कॉर्नियाचा आकार चुकीचा मोजला जातो.

आणि एक साधी परीक्षा. चष्मा लावून तुम्हाला तक्त्यावरची जी शेवटची ओळ वाचता येते, लेझरनंतर साधारण तिथपर्यंतच वाचता येणार. लहानपणी चष्मा न लावल्यानं एक डोळा आळशी राहिला असेल आणि चष्म्यासकट तो ६/१२ च वाचत असेल, तर लेझरने तो ६/६ होत नाही. ६/६ म्हणजे निरोगी डोळा ६ मीटरवरून जी ओळ वाचतो ती तुम्हीही ६ मीटरवरून वाचता.

भरतीवाल्या पोरांसाठी

सगळ्यात आधी रंग ओळखायची परीक्षा करून घ्या. ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वाचायचे असतात. लाल-हिरव्यातला फरक कळत नसेल तर तो जन्मजात मागच्या पडद्याचा दोष आहे. कुठल्याही लेझरने तो जात नाही. नंबर घालवायला पन्नास हजार घालवायचे आणि मग रंगांधळा म्हणून बाद व्हायचं, यासारखं दुःख नाही. ही परीक्षा कुठल्याही डोळ्याच्या डॉक्टरकडं दोन मिनिटांत होते.

दुसरं, प्रत्येक भरतीचा नियम वेगळा आहे. रेल्वेत सहाय्यक लोको पायलट म्हणजे इंजिन चालवणाऱ्या पदाला लॅसिक किंवा नंबर घालवायचं कुठलंही ऑपरेशन झालेला उमेदवार चालत नाही, तसं जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे ज्यानं त्या पदासाठी लेझर केलं त्यानं स्वतःच दार बंद केलं. त्याच रेल्वेत ज्या पदांना चष्मा चालतो त्यांचे निकष निराळे.

सैन्यदलांच्या अधिकारी भरतीत लेझर केलेला उमेदवार काही अटींवर घेतात. वयाच्या २० वर्षांआधी ऑपरेशन झालेलं नसावं, होऊन किमान १२ महिने झालेले असावेत, मध्यभागी कॉर्निया किमान ४५० मायक्रॉन उरलेला असावा, शिल्लक नंबर एकच्या आत असावा, मागचा पडदा निरोगी असावा. डोळ्याच्या गोळ्याच्या लांबीलाही मर्यादा असते. वर सांगितलं ना, लेझरने गोळ्याची लांबी बदलत नाही? ते इथं आडवं येतं. फार मोठ्या मायनस नंबरचा पोरगा लेझरनंतर ६/६ वाचेल, पण गोळा मोजला की बाहेर. विमान उडवणाऱ्या शाखेचे निकष आणखी वेगळे.

या अटींमधली १२ महिन्यांची अट बघा. मैदानी चाचणी चार महिन्यांवर आली असताना ऑपरेशन करून त्या भरतीला काही मिळत नाही. जवान, शिपाई आणि केंद्रीय दलांच्या भरतीचे निकष पदागणिक वेगळे आहेत आणि वर्षागणिक बदलतात. जाहिरातीची पूर्ण पीडीएफ उतरवून घ्या, त्यात वैद्यकीय निकषाचं पान काढा, आणि ते पान छापून डोळ्याच्या डॉक्टरपुढं ठेवा. ॲकॅडमीवाल्याच्या तोंडी भरवशावर जाऊ नका.

"सांगायचंच नाही, कळतंय कुणाला" असाही सल्ला फिरतो. कळतं. डोळ्याच्या दुर्बिणीखाली लॅसिकच्या खापेची गोल कड वर्षानुवर्षं दिसते, आणि टोपोग्राफीच्या नकाशात मधला सपाट भाग लगेच ओळखू येतो. पीआरकेची कड दिसत नाही, पण नकाशा तरीही बोलतो. लपवलेलं उघडं पडलं तर प्रश्न डोळ्याचा राहत नाही, खोटी माहिती दिल्याचा होतो.

शेतात काम करणाऱ्यांचा प्रश्न

शहरातल्या कॉम्प्युटरवाल्याला आणि आपल्याला एकच पद्धत योग्य असेल असं नाही. ऊस तोडताना पाचटाचं पातं डोळ्यात जातं, बैल मान झटकतो, जनावराची शेपटी सपकन बसते. लॅसिकची खाप कडेनं चिकटते, पण मुळासारखी घट्ट कधीच होत नाही. जोरदार मार बसला तर काही वर्षांनीही ती सरकल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. म्हणून पैलवान, कबड्डीपटू, सैन्यात जाणारे आणि अंगमेहनतीची कामं करणारे यांनी खाप नसलेल्या पद्धतीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावं. पीआरके जुनी वाटते, चार दिवस रडवते, पण माझ्या मते शेतकऱ्याच्या पोराला ती वाईट नाही. लेझरच्या बिलातही ती बहुधा सगळ्यात स्वस्त पडते. मोठ्या नंबरात पीआरकेनंतर कॉर्नियावर पांढरट धूसरपणा येऊ शकतो, म्हणून तिथं डॉक्टरांचा निर्णय शेवटचा.

ऑपरेशनची वेळही बघून ठरवा. मळणीच्या दिवसांत, द्राक्षाच्या फवारणीच्या धांदलीत किंवा ऊसतोडीला निघायच्या आठवड्यात करू नका. किमान दोन-तीन आठवडे धूळ, भुसा, फवारणी आणि चुलीचा धूर यापासून लांब राहता आलं पाहिजे. विहिरीत, कॅनॉलला पोहणं महिनाभर बंद. मोटारसायकलवर गॉगल लावूनच.

पैसे

साधं लॅसिक किंवा पीआरके दोन्ही डोळ्यांचं साधारण तीस-चाळीस हजारांपासून पुढं, आणि स्माईल लाखाच्या घरात किंवा त्याच्याही वर, असा बाजारभाव आहे. शहर, मशीन आणि डॉक्टर यांवर तो फिरतो. ऐकलेल्या भावात तपासण्या, औषधं आणि नंतरच्या फेऱ्या धरल्यात का हे आधी विचारा. नंबर थोडा शिल्लक राहिला तर दुसऱ्यांदा लेझर मारायचे पैसे पडतात का, हेही विचारा.

आरोग्य विम्याचं कार्ड पुढं करून भागत नाही. विमा नियामकाच्या प्रमाण नियमाप्रमाणं ७.५ पेक्षा कमी नंबर घालवायचा खर्च विमा कंपनी देत नाही. सरकारी योजनेबद्दल दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या, मंजुरी हातात आल्याशिवाय फुकट होईल असं धरून चालू नका.

'आज बुकिंग केलं तर एवढी सूट' असं जिथं म्हणतात तिथून उठा. खतावरही असली सूट मिळते तेव्हा आपण पोतं उलटं-पालटं करून बघतोच की. हा तर डोळा आहे.

थेंबांच्या जाहिरातींबद्दलही एक शब्द. नंबर उतरवणारे थेंब, व्यायाम, चूर्ण अशा रील रोज येतात. गोळ्याची लांबी थेंबानं कमी होत नाही. जवळचं वाचायचा चष्मा घालवणारे थेंब म्हणून मध्यंतरी मोठी बातमी झाली होती, त्या औषधाची परवानगी केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये स्थगित केली, कारण कंपनीचे दावे मंजुरीच्या पलीकडं गेले होते.

चाळिशीवाल्यांनी काय करावं

माझ्या वयाची मंडळी विचारतात, आम्ही करावं का? चाळिशीत आतलं भिंग कडक होतं आणि जवळचं दिसेना होतं. औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण वाचायला मीही हात लांब करतो. याचा कॉर्नियाशी संबंध नाही, त्यामुळं साधं लॅसिक चाळिशी थांबवत नाही. उलट उणे दोन-अडीच नंबरवाला माणूस आज चष्मा काढून मजेत वाचतो. त्याचं लेझर केलं तर लांबचं स्वच्छ होईल, पण वाचायला नवा चष्मा लागेल. काही ठिकाणी एक डोळा लांबच्यासाठी, एक जवळच्यासाठी ठेवतात. ते सगळ्यांना सोसत नाही, आधी लेन्स लावून आठवडाभर बघावं.

कॉर्निया पातळ किंवा नंबर फार मोठा असेल तर डोळ्याच्या आत, स्वतःच्या भिंगापुढं बारीक लेन्स बसवायचा मार्ग आहे, त्याला आयसीएल म्हणतात. ती काढताही येते. लेझरहून महाग आणि डोळ्याच्या आतलं ऑपरेशन असल्यानं त्याचे धोके वेगळे.

ऑपरेशननंतर

पहिले चार-सहा तास डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. झोपून राहणं उत्तम. दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवायची नाही, मग एसटी असो वा नसो. तालुक्यापासून लांब राहत असाल तर ती रात्र शहरातच काढा. आठवडाभर झोपताना डोळ्यावर जाळीचं झाकण, डोक्यावरून अंघोळ नाही, काजळ-सुरमा नाही. मध, तूप, आईचं दूध, गुलाबपाणी, काहीही डोळ्यात जाता कामा नये. घरातल्या आजीला हे आधीच प्रेमानं सांगून ठेवा.

काही महिने डोळे कोरडे पडतात, म्हणून पाण्यासारखे थेंब चालू ठेवावे लागतात. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती कडी किंवा किरणं दिसतात. बहुतेकांचं हे तीन ते सहा महिन्यांत कमी होतं, थोड्यांचं राहतं. रात्रीची गाडी चालवून पोट भरणाऱ्यानं हे मनात धरूनच निर्णय घ्यावा.

थेंबांमध्ये सुरुवातीला स्टेरॉईड असतं. ते दिलेल्या दिवसांपुरतंच घालायचं. बरं वाटतं म्हणून मेडिकलमधून तीच बाटली परत परत आणली तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, आणि काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. दोन दिवसांनंतर दुखणं वाढत असेल, लाली वाढत असेल, पू दिसत असेल किंवा नजर एकदम धूसर झाली तर त्याच डॉक्टरकडं त्याच दिवशी.

मोठ्या मायनस नंबरवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. लांबट गोळ्यात मागचा पडदा ताणलेला असतो आणि तो सुटायचा धोका लेझरनंतरही तसाच राहतो. चष्मा गेला म्हणून डोळा निर्धोक झाला असं नसतं. डोळ्यापुढं वीज चमकल्यासारखं होणं, काळे ठिपके अचानक वाढणं, एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी तपासून घ्या. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून मागचा पडदा बघून घ्या. त्या थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं, तेव्हा गाडी चालवायला सोबत माणूस न्या.

कागद

ऑपरेशनच्या आधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी, टोपोग्राफीचा नकाशा, कुठल्या दिवशी कुठली पद्धत केली त्याचा कागद, हे सगळं मागून घ्या आणि सातबारा जिथं ठेवता त्या पिशवीत ठेवा. मोबाईलवर फोटोही काढून ठेवा. भरतीत हे लागतंच. पण खरी गरज पडते तीस-चाळीस वर्षांनी, मोतीबिंदू झाल्यावर. आत बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या गोलाईवरून काढतात, आणि लेझर झालेल्या कॉर्नियावर तो नेहमीचा हिशेब चुकतो. जुने आकडे असले तर डॉक्टर दुरुस्ती करून भिंग निवडतात. कागद नसले तरी निदान पूर्वी लेझर झालंय एवढं सांगायचं. तेही सांगितलं नाही तर मायनस नंबर घालवलेल्या माणसाला बहुधा कमी ताकदीचं भिंग बसतं आणि म्हातारपणी प्लसचा चष्मा लागतो.